पुस्तकावरचं प्रेम कातडीपाशीच का अडतं?

गाजलेल्या कथेवरच्या सिनेमात किंवा मालिकेत कृष्णवर्णीय कलाकार दिसला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: "आम्ही वर्णद्वेष्टे नाही. मूळ पुस्तकाशी इमान राखा, एवढंच म्हणणं आहे. जुन्या युरोपच्या धर्तीवरच्या कथेत काळी माणसं कशाला? आणि उलट केलं असतं, काळ्या पात्राला गोरं केलं असतं, तर चाललं असतं का?"

इमानाचं आधी बघू. २०१२ मध्ये 'द हंगर गेम्स' हा कादंबरीवरचा सिनेमा आला. त्यात बारा वर्षांच्या रूचं काम अमांडला स्टेनबर्गने केलं आणि ट्विटरवर कित्येकांनी थयथयाट केला, की रू काळी कशी? सुझान कॉलिन्सने कादंबरीत रूची पहिली ओळख करून देतानाच तिची कातडी आणि डोळे गडद तपकिरी असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे सिनेमा पुस्तकाला धरूनच होता; या वाचकांनी ते वाक्य ओलांडून मनात गोरी मुलगी उभी केली होती. काहींनी तर लिहिलं की ती काळी आहे हे कळल्यावर तिच्या मरणाचं तितकंसं वाईट वाटलं नाही. कथेची नायिका कॅटनिस तिला शेवटचं गाणं म्हणून दाखवते, तिच्या देहाभोवती फुलं रचते, हे सगळं वाचलेली ही माणसं! आणि ज्या मुलीबद्दल हे चाललं होतं ती अमांडला तेव्हा तेरा वर्षांची होती. मला हे आजही पचत नाही.

'द लिटल मर्मेड'चं काय, असं कुणी विचारेल. रास्त आहे. डॅनिश कथाकार अँडरसनच्या १८३७ च्या कथेतली जलपरी गोरी, निळ्या डोळ्यांची आहे आणि २०२३ च्या सिनेमात कृष्णवर्णीय हॅली बेली होती. पण त्या कथेत जलपरीची जीभ कापली जाते, राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो आणि तिचा देह समुद्राच्या फेसात विरून जातो. डिस्नेने १९८९ च्या आपल्या कार्टूनपटातच हा शेवट पुसून तिचं राजपुत्राशी लग्न लावून दिलं. कथेचा प्राणच बदलला, तरी तोच सिनेमा लोकांनी 'मूळ' म्हणून डोक्यावर घेतला. ज्यांना तो शेवट चालला, त्यांना नेमका रंगच का खुपावा?

युरोपचा मुद्दा दोन वाक्यांत निकालात निघतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याने स्वतःच त्याच्या कथांमधल्या हॉबिट या बुटक्या लोकांपैकी हारफूट जमातीचे हॉबिट इतरांपेक्षा सावळे असल्याचं लिहून ठेवलंय. तरीही २०२२ मध्ये त्याच्याच कथाविश्वावरच्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेच्या कृष्णवर्णीय कलाकारांना इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की निर्मात्यांना जाहीर निषेध करावा लागला.

राहिलं "उलट केलं असतं तर". ते तर केव्हाच करून झालंय. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांमधला नायक गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, आणि ते तिने जाणूनबुजून ठरवलं होतं. २००४ च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा झाला. ले ग्विनने जाहीर लेख लिहून निषेध नोंदवला. त्या वेळी धमक्या देणाऱ्या झुंडी कुठे उठल्या नाहीत.

लांब कशाला जायचं? २०१९ च्या 'बाला' या हिंदी सिनेमात सावळ्या रंगामुळे टोमणे खाणारी नायिका आहे. त्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकर निवडली गेली आणि मेकअपने तिचा रंग गडद केला. रंगामुळे डावलल्या जाणाऱ्या मुलीचं काम, तेसुद्धा मुळात सावळ्या असलेल्या अभिनेत्रीच्या वाट्याला आलं नाही.