शिफारशीपूर्वीची तपासणी

गुढीपाडव्याच्या सभेत नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वाचनकट्ट्याने स्वयंपाक, बागकाम आणि घराची टापटीप या विषयांवरची तीन नवी पुस्तके नमुन्यादाखल आणली आणि ती सभासदांना सुचवण्याजोगी आहेत की नाहीत, याचा अहवाल देण्याचे काम माझ्या गळ्यात घातले. ज्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, तिथे पुस्तकाची शिफारस तरी जबाबदारीने व्हावी, असे मीच बोलून गेलो होतो. शिवाय माझी उभी नोकरी बँकेच्या हिशेबतपासणीत गेलेली असल्याने मोजून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तिन्ही पुस्तके नुसती वाचायची नाहीत, तर वापरून पाहायची, असा निश्चय मी घरी जाहीर केला. पत्नीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि माहेरी फोन लावला.

पाककृतींच्या पुस्तकाचा आरंभ सॉरडो पावाने होता. बाजारचे यीस्ट न घेता गव्हाचे पीठ आणि पाणी समान वजनाने कालवून ठेवायचे, रोज त्यातील निम्मे टाकून उरलेल्याला ताजे पीठ-पाणी घालायचे, म्हणजे आठवड्याभरात ते आंबवण पाव फुगवण्याइतके जोमदार होते, असे त्यात सांगितले होते. आमच्या घरी कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आहे. १९७० साली पहिल्यांदा निघालेल्या त्या पुस्तकाने वाटी आणि चमच्याच्या मापावर कित्येक नवख्या सुनांना तारले. या नव्या पुस्तकात मात्र सारा व्यवहार ग्रॅममध्ये असल्यामुळे आधी वजनकाटा आणावा लागला. काटा आल्यावर मी साहजिकच पत्नीची वाटी तपासायला घेतली. तिने तीन वेळा पीठ भरून दिले, ते ११८, ११९ आणि पुन्हा ११८ ग्रॅम भरले. चौथ्या वेळी मी भरले, ते १४३ निघाले. ती तपासणी मी तिथेच आटोपती घेतली.

तिसऱ्या दिवशी आंबवण बरणीबाहेर येऊन ओट्यावरून खाली उतरू लागले, तेव्हा मी आनंदाने चार घरी फोन केले. चौथ्या दिवशी ते निपचित पडले. पान उलटल्यावर कळले की, पहिल्या दोन-तीन दिवसांतील ही उसळी यीस्टची नसून भलत्याच जिवाणूंची असते आणि ते ओसरल्यावरच खरे काम सुरू होते. ही माहिती अलीकडच्या पानावर छापायला काय हरकत होती, असा शेरा मी समासात लिहून ठेवला. पुस्तकातील ‘खोलीचे तापमान’ बावीस-चोवीस अंशांचे होते आणि एप्रिलमधील आमच्या स्वयंपाकघराचे तेहतीस, त्यामुळे बारा तासांत लागणारी भूक आमच्या बरणीला पाच तासांतच लागत असे. तिच्या वेळा सांभाळण्यासाठी मी कल्याणची एक मुंज चुकवली. “मुलांना कधी इतक्या वेळेवर भरवलं नव्हतं तुम्ही,” एवढेच पत्नी म्हणाली. रोज टाकून द्यायचे निम्मे पीठ तिने अर्थातच टाकू दिले नाही, त्यामुळे आम्ही सलग नऊ दिवस आंबट धिरडी खाल्ली. दहाव्या दिवशी झालेला पाव सुरीला दाद देईना, तेव्हा तो विळीवर चिरला. चव वाईट नव्हती, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद करतो.

बागेच्या पुस्तकाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्यातील पहिलीच अट किमान सहा तासांच्या उन्हाची होती. समोर पुनर्विकासात नवा टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन सकाळी आठ चाळीसला येते आणि दहाला पाच कमी असताना निघून जाते. म्हणून मिरची-टोमॅटोचे प्रकरण वगळून मी थेट खताकडे वळलो. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पालापाचोळा घालायला हवा, असे वाचल्यावर रोज पहाटे तलावपाळीच्या फेरीत मी वाळकी पाने पिशवीत भरू लागलो. तिथे भेटलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने हलक्या आवाजात माझ्या पेन्शनचे काही अडले आहे का, अशी विचारणा केली. पाने कमी पडली, कचरा जास्त झाला आणि बादलीच्या तळाच्या भोकांतून एक तपकिरी पाणी झिरपून खालच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर पडले. ते पाणी दहापट पाणी घालून झाडांना देता येते, हे खालच्या काकूंना मी पुस्तक उघडून दाखवले. कुरडयांविषयी त्यात काही नव्हते.

खरी कसोटी टापटिपीच्या पुस्तकाने पाहिली. जपानच्या मारी कोंडो यांच्यापासून जगभर पसरलेली ती रीत त्यात मराठीत समजावून दिली होती: आधी कपडे, मग पुस्तके, मग कागदपत्रे, किरकोळ वस्तू आणि शेवटी आठवणीच्या चीजा, प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यामुळे आनंद होतो का, ते स्वतःला विचारायचे. माझे आठ सफारी कपडे या परीक्षेत नापास झाले. त्यांचे गाठोडे मी दारात ठेवतो न ठेवतो, तोच गल्लीत बोहारणीची हाक आली आणि अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर पत्नीने त्या कपड्यांच्या बदल्यात एक परात आणि झाकणाचे दोन डबे घरात आणले. अडगळ कमी करण्याच्या पहिल्या दिवसाअखेर आमच्या घरात तीन वस्तूंची भर पडली होती.

मग भांड्यांच्या वेळी मी कडक धोरण स्वीकारले, पण आमच्या माळ्यावरील प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. “हे आत्याबाईंचं पातेलं. आत्याबाई आता नाहीत, त्यामुळे परत देता येत नाही, आणि नाव आहे म्हणून दुसऱ्यालाही देता येत नाही,” असा निकाल पत्नीने दिला. विजेच्या बिलाने मला आजवर कधीच आनंद दिलेला नाही, पण तेही टाकता आले नाही. तिसऱ्या मुलानंतर आपण स्वतःच टापटिपीचा हट्ट बराचसा सोडला आहे, असे खुद्द कोंडोबाईंनी २०२३ मध्ये मोकळेपणाने सांगितल्याचे मला नंतर कळले आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला.

जूनच्या सभेत मी अहवाल वाचला. वजनाने लिहिलेले पाककृतींचे पुस्तक घ्यावे, मात्र त्यातील वेळा ठाण्याच्या उकाड्यात निम्म्या धराव्यात. टापटिपीचे पुस्तक बोहारीण गल्लीत नसताना वाचावे. आणि बागेचे पुस्तक उत्तम असून फक्त चव्वेचाळिसावे पान ओले आहे, असे त्यात म्हटले होते. तिन्ही पुस्तके मंजूर झाली. बागेच्या पुस्तकासाठी पहिला क्रमांक खालच्या काकूंनी लावला. मी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, वरून पुढे काय काय गळणार आहे, ते आधी कळलेलं बरं.”