खुलासा : फ्रेंच ‘एग्यू’च्या उच्चारात अक्षरं दोनच, तीन नाहीत

आजार तीव्र आहे हे सांगणारं फ्रेंच विशेषण पुल्लिंगी ‘एग्यू’ (aigu), आणि स्त्रीलिंगी करताना त्याला शेवटी ‘ई’ (e) हे रोमन अक्षर व त्यावर दोन टिंबं लागतात (aiguë). ही टिंबं स्वर तोडतात, म्हणून स्त्रीलिंगी रूप ‘ए-ग्यू-ए’ असं तीन अक्षरांत म्हणायचं, असं फ्रेंच शिकणाऱ्यांत सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे.

दोन्ही रूपांचा उच्चार अगदी एकच: ए-ग्यू. शेवटचा ‘ई’ मुका. मग टिंबं कशाला? ती नसती तर शेवट अंजिराच्या ‘फीग’ (figue) या फ्रेंच शब्दासारखा वाचला गेला असता आणि ‘यू’ (u) गिळला जाऊन ‘एग’ उरलं असतं. टिंबं त्या ‘यू’ला वाचवतात. ती चुकीच्या अक्षरावर बसलीत असं वाटणं स्वाभाविकच आहे. 1990च्या शुद्धलेखन-सुधारणेत ती ‘यू’वर नेण्याची (aigüe) शिफारस झाली. आज दोन्ही लेखनं ग्राह्य आहेत, उच्चार बदललेला नाही.

‘ग्यू’ हे लेखन मात्र नाइलाजाचं. त्यात ‘य’ नाहीच. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून ‘ई’ म्हणा, तो स्वर सापडेल. पूर्ण निदान बोलताना तर आधीच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढे सरकतं: तीव्र ब्राँकायटिस म्हणजे ‘ब्रोंशीत’ आणि ‘एग्यू’ मिळून ‘ब्रों-शी-ते-ग्यू’. हे कानाला ओळखीचं झालं नाही, तर डॉक्टरांच्या बोलण्यात हा शब्द आला तरी कळत नाही.