आरामखुर्चीतले तत्त्वज्ञान? : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ यांस,

हॉलिवूडचा अभिनेता ख्रिश्चन बेल याच्या टेपवरील माझ्या लेखाखाली आपण सात ओळींची प्रतिक्रिया दिलीत, तिला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. पहिल्याच रात्री लिहिलेले उत्तर मी पुसून टाकले, कारण लेख ज्या विषयावर होता त्याचेच ते उत्तम उदाहरण ठरले असते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘टर्मिनेटर सॅल्व्हेशन’च्या न्यू मेक्सिकोतील चित्रीकरणात, दृश्य चालू असताना छायालेखक शेन हर्लबट दिवा पाहण्यासाठी बेलच्या नजरेच्या टप्प्यात आले, आणि बेलने त्यांना जवळपास चार मिनिटे अर्वाच्य भाषेत झापले. ध्वनिमुद्रण चालूच होते. ते पुढे फुटले आणि जगभर ऐकले गेले. तो राग कामातला होता, आणि तो चव्हाट्यावर मांडणाऱ्याचा अपराध रागावणाऱ्याच्या अपराधाहून मोठा आहे, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता की मी साल चुकवले, हाच आवाज एखाद्या स्पॉटबॉयने चढवला असता तर संध्याकाळच्या आत त्याला घरी पाठवले असते, जयललितांना मी पूर्वीच्या एका लेखात ‘उर्मट’ म्हटले होते आणि बेल मात्र माझ्या लेखी ‘कामात बुडालेला’, टेपमध्ये हर्लबट बिचारे घाबरून पुटपुटताना ऐकू येतात, आणि सरतेशेवटी, “लेखकमहाशयांनी सेटवर कधी पाऊल तरी ठेवले आहे का, की हे सगळे आरामखुर्चीतले तत्त्वज्ञान?!!!”

सालाचे म्हणणे मान्य. प्रसंग जुलै २००८ मधला, टेप बाहेर आली फेब्रुवारी २००९ मध्ये. मी दोन्ही २००९ मध्येच घडवून टाकले. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासूनचे आहेत.

आता आरामखुर्चीकडे वळतो. ‘लेखकमहाशय’ हा शब्द मराठीत आदरासाठी वापरला जात नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. मतभेद असावेत, तीव्र असावेत, परंतु टोपणनावाच्या आड बसून, तीन तीन उद्गारचिन्हे खर्चून, ज्याची आपल्याला काडीची माहिती नाही अशा माणसाच्या उपजीविकेविषयी शेरा मारणे याला टीका म्हणत नाहीत. गोरेगावच्या चित्रनगरीत, मढच्या भाड्याच्या बंगल्यांत आणि वाईच्या वाड्यांत अकरा वर्षे मी मराठी मालिकांसाठी बूम धरला आहे. बूम धरणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक नसावे. लांब दांड्याच्या टोकाला माइक, दोन्ही हात डोक्यावर, आवाज येतो म्हणून पंखे बंद, आणि ‘कट’ होईपर्यंत खांदे कितीही थरथरले तरी माइक नटाच्या डोक्यावर, पण चौकटीच्या बाहेर ठेवायचा. त्या काळात माझ्या घरी साधी खुर्चीसुद्धा नव्हती, आरामखुर्ची तर दूरच.

२००३ च्या मे महिन्यात एका ज्येष्ठ अभिनेत्याचे रडण्याचे दृश्य होते. तिसरा टेक. दोन वेळा दिव्यांनी घात केला होता आणि या वेळी त्यांचा स्वर लागला होता, तोच माझा हात दोन बोटे खाली आला आणि बूमची सावली त्यांच्या कपाळावरून सरकली. ते थांबले आणि मग माझ्याकडे वळले. त्यानंतर जे घडले ते मी हेडफोनमधून ऐकले, कारण माइक अजून त्यांच्याच डोक्यावर होता आणि तो खाली घ्यावा हे मला सुचले नाही. ज्या माइकने क्षणापूर्वी त्यांचा हुंदका टिपला, त्याच माइकमधून माझ्या वडिलांचा उद्धार माझ्या दोन्ही कानांत होत होता, श्वासासकट. मला उलट बोलावेसे वाटले का? वाटले. परंतु तो प्रश्न येथे गौण आहे. चौथा टेक उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी मागितली नाही, पण स्पॉटच्या मुलाकरवी माझ्यासाठी चहा धाडला, आणि मला तो चहा पुरला. आमच्या रेकॉर्डिस्टने तेवढा तुकडा त्याच रात्री पुसला. न्यू मेक्सिकोत असा एखादा रेकॉर्डिस्ट असता, तर आज आपल्याला ही प्रतिक्रिया लिहिण्याची संधीच मिळाली नसती.

‘पुटपुटताना’ या शब्दाबद्दलही याच अनुभवातून सांगतो. दृश्य चालू असताना माइक नटाच्या कपड्यांत दडवलेला असतो किंवा त्याच्या डोक्यावर धरलेला असतो. छायालेखकासाठी कोणी माइक लावत नाही. त्यामुळे बेल आपल्या कानाशी ओरडतो आणि हर्लबट यांचे शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखे वाटतात. ते घाबरले नव्हते असे मी म्हणत नाही. पण आवाज दूरचा आहे यावरून माणूस भेदरलेला आहे असे ठरवणे म्हणजे फोटोत लांब उभा असलेला माणूस बुटका आहे असे ठरवण्यासारखे आहे. टेप फुटल्यावर काही दिवसांतच बेलने लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्राला स्वतः फोन करून माफी मागितली, आणि त्या दिवशी प्रसंगानंतरही दोघांनी मिळून पुढे काही तास काम केल्याचे सांगितले. याचा उल्लेख आपल्या सात ओळींत कोठेही नाही. उद्गारचिन्हांना जागा पुरली, याला पुरली नाही.

स्पॉटबॉयचा मुद्दा टाळ्या घेणारा आहे, याबद्दल वाद नाही. कोणाला घरी पाठवायचे हे निर्माते ठरवतात, त्यामुळे त्याचे उत्तर त्यांच्याकडे मागावे. राहिल्या जयललिता. २००४ मध्ये बीबीसीसाठीच्या मुलाखतीच्या शेवटी करण थापर यांनी आपल्याशी बोलून आनंद झाला असे म्हटल्यावर, मला मात्र तो झाला नाही, असे सांगून त्यांनी नमस्ते म्हटले आणि माइक काढून टाकला. तेथे कॅमेरा चालू आहे हे त्यांना ठाऊक होते आणि समोरचा माणूस त्यांचा सहकारी नव्हता. दोन्ही प्रकरणे वेगळी आहेत, आणि हे एका वाक्यात समजत नसेल तर दहा वाक्यांतही समजणार नाही.

तुम्ही खऱ्या नावाने लिहिलेत तर चर्चा पुढे चालू ठेवण्यास मी तयार आहे. लेखातील साल आज सकाळी दुरुस्त केले आहे. बाकी मजकूर आहे तसाच राहील.