लेबल आधी छापा, नोंदी मग बघू

वाइनचं लेबल आधी छापून घ्यावं. द्राक्षाची जात, तोडणीचं साल, प्रदेश, सगळं ठसठशीत. नोंदी काय, मागाहून होतात. गेल्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला आलेल्या वहीने हे शहाणपण दिलं. अख्ख्या हंगामाच्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत उतरवलेल्या. ऐन तोडणीत वहीवर रसाचा थेंबही न सांडणाऱ्या माणसाचा सत्कारच करायला हवा.

तेव्हा तुम्हीही शिकून घ्या.

टाक्यांना नंबर देऊ नका. ‘मोठी’, ‘कोपऱ्यातली’, ‘ती गळकी’ एवढ्यावर भागतं.

वजनकाट्याच्या पावत्या गाडीच्या काचेशी, उन्हात ठेवा. आपोआप कोऱ्या होतात.

नोंदी ऑस्ट्रेलियात ७ वर्षं जपायच्या असतात, अमेरिकेत ३. तुम्ही बाटल्या खपेपर्यंत जपा, पुष्कळ झालं.

आता १५ टक्क्यांची गंमत. ऑस्ट्रेलियात आणि युरोपीय संघात लेबलवर एकाच जातीचं नाव असेल, तर निदान ८५ टक्के वाइन त्या द्राक्षाची लागते. उरलेली सूट ज्याने त्याने आपापली घ्यायची! घाऊक विकणाऱ्याने शिराझ जातीच्या वाइनमध्ये १५ टक्के दुसरं काही मिसळलं आणि पावतीवर नुसतं ‘शिराझ’ लिहिलं. तुम्ही ती घेतलीत, वर आपल्या हक्काचे १५ टक्के ओतलेत. ८५ चे ८५ टक्के म्हणजे ७२.२५. अमेरिकेत जातीला ७५ टक्के पुरतात, तिथेही तुम्ही नापास! त्यात बॅरलमधून उडून गेलेल्या वाइनची तूट भरताना हाताला लागेल ती वाइन घातली, तिचं साल भलतंच, आणि नोंद शून्य. विचारलं तर वहीवाला म्हणे, “थोडीशीच होती.” थोडीशी म्हणजे किती लिटर? कुठल्या टाकीतून? कधी? तीन रकाने भरायला हात दुखतो? वर पुन्हा, “चाखून बघा, शिराझच आहे!” चाखून टक्के कळतात होय?

फ्रान्समध्ये लांगडॉक भागातल्या काहींनी मर्लो आणि सिरा या जातींची वाइन पिनो न्वार या जातीच्या नावाने अमेरिकेत खपवली. ती जिभेने पकडली नाही, साध्या हिशेबाने पकडली: त्या भागात पिकते त्याहून जास्त पिनो न्वार विकली गेली होती. २०१० मध्ये कार्कासोनच्या न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं. तेव्हा लबाडीच करायची तर निदान बेरीज तरी शिका.

बास. वाइन चांगली आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. लेबलवर जात आणि साल तुम्ही छापलंत, मग दाखवायचंही तुम्हीच. वाइन एका टाकीतून दुसरीत गेली की त्याच दिवशी लिहा: कुठून, कुठे, किती, आणि तिच्यात काय काय आहे. विकत घेताना टक्केवारी लेखी मागा, देत नसेल तर घेऊ नका. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करा, पांढरा रंग फासू नका. आणि एवढंही जमत नसेल तर सरळ ‘रेड वाइन’ छापा. जातीचा, सालाचा पुरावा मग कुणी मागणार नाही.