बोनस मागायला आले की ‘गुंतवणूक’ म्हणा

गणपती उठले की कारखान्याच्या गेटबाहेरच्या टपरीवर कुजबुज सुरू होते. मालकहो, ती बोनसची आहे. घाबरू नका, पण ‘यंदा नफाच झाला नाही’ हे तेवढं म्हणू नका. दोन पाळ्यांच्या तीन कधी झाल्या आणि गेटमधून किती गाड्या भरून गेल्या, ते पोरांनीच मोजलेलं असतं. शिवाय त्या वाक्याचा उपयोगही नाही. 1965 च्या बोनस कायद्यानं, पुढच्या दुरुस्तीनंतर, तोटा झाला तरी निदान 8.33 टक्के द्यायला लावले, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. नव्या कारखान्याला नफा होईपर्यंत पहिली पाच वर्षं सूट होती; पण दर पाच वर्षांनी पाटी बदलून कंपनीचं नव्यानं बारसं करायचं तुमच्या मनात आलं असेल, तर कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात ते आधीच आलं होतं. नाव, जागा किंवा मालक बदलल्यानं कारखाना नवा होत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं.

म्हणून शब्द बदला. ‘8.33 च का?’ असं कुणी विचारलं की म्हणा, ‘पैसा कंपनीतच गुंतवतोय.’ कँटीनमध्ये सभा घ्या, पडद्यावर संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनचा फोटो दाखवा, ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणताना आवाज थोडा कापू द्या. मशीन आलं नाही तरी चालेल. कंपनीच्या नावावर घेतलेली गाडी आली तर ती गेटातून आत आणू नका, एवढंच. तिलाही इंजिन असतं आणि घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, तिच्यावरही मिळतो, पण कामगारांना अकाउंट्समधलं सौंदर्य कळत नाही.

एक पान मात्र कुलुपात ठेवा. 8.33 च्या वर 20 टक्क्यांपर्यंत किती द्यायचं, याचा हिशेब त्या कायद्यात होता. नफ्यातून आधी घसारा वजा, मग कर वजा, मग तुमच्या भागभांडवलावर 8.5 टक्के परतावाही वजा. आणि उरलेल्यातले साधारण 60 टक्के बोनससाठी. थोडक्यात, मशीनचं आणि तुमचं ताट आधी वाढून झाल्यावरच कामगाराची पंगत बसायची. हे युनियनच्या एखाद्या वाचणाऱ्या पोराच्या हाती लागलं तर तो विचारेल, ‘साहेब, मशीनचे पैसे तर आधीच बाजूला काढलेत, मग आता पुन्हा कसले?’ अशा पोराला सुपरवायझर करून टाका.

(मशीन जुनं झालं की पैसा लागतो, हे कामगाराला समजवावं लागत नाही. आठ तास त्याच्यापाशी तोच उभा असतो. नवं मशीन खरंच आलं तर नारळ फोडायला तो तुमच्या आधी हजर असेल. अडचण तीच आहे.)

मनाला धीर हवा असेल तर गिरणगावाकडे बघा. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी बोनस सुरू केला आणि 1923 चा बोनस द्यायची वेळ आली तेव्हा हात वर केले. 1924 च्या सुरुवातीला दीडेक लाख कामगार संपावर गेले. चौकशी समिती नेमली गेली, अध्यक्ष खुद्द मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. समितीला कामगारांचा बोनसवर रूढीनंही हक्क दिसला नाही, कायद्यानंही नाही, न्यायानंही नाही. असं प्रमाणपत्र आज लाख रुपये मोजून मिळायचं नाही.

पुढे कित्येक गिरण्यांत जुने माग तसेच खडखडत राहिले आणि नफा बाहेर फिरायला गेला. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार बाहेर पडले. ठिणगी पुन्हा बोनसचीच होती. गिरण्या थंडावल्या, पण त्यांच्याखालची जमीन काही बसून राहिली नाही. 1991 च्या नियमानं तिचे तीन वाटे केले: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरं, उरलेला मालकाला. मग 2001 च्या दुरुस्तीनं ठरलं की वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे, गिरणीची इमारत उभी होती ती जमीन धरायची नाही. जिथं भोंगा वाजायचा तिथं आता सरकत्या जिन्यावरून माणसं वर जातात. पाहिलंत ना, गुंतवणूक? थोडा धीर धरावा लागतो.

तुमच्याकडे एवढी जमीन नसेल. मग माणसं कंत्राटदाराच्या मस्टरवर टाका, नवी पोरं शिकाऊ म्हणून घ्या. शिकाऊ उमेदवाराला बोनसचा कायदा लागू नव्हता, आणि माणूस आयुष्यभर शिकतच असतो. आता हे सगळं ‘वेतन संहिता’ या नव्या कायद्यात गेलंय, तेव्हा नव्या पुस्तकात तुमची पळवाट कितव्या पानावर गेली ते वकिलाकडून पाहून घ्या.

राहिली दिवाळी. सोनपापडीचे डबे घाऊक बाजारातून धनत्रयोदशीच्या आधी उचला, नंतर भाव चढतो. कायम कामगारांना अर्ध्या किलोचा, कंत्राटी पोरांना पाव किलोचा. डबे दुरून सारखेच दिसतील असा कागद निवडा, फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाका आणि बिल ‘कामगार कल्याण’ या खात्यात चढवा.