शाळेचा शिक्का नाही म्हणून आमची पोरं विद्यार्थी नाहीत होय?

कोल्हापुरात मैदानावर काचेच्या बोगद्याचं मत्स्यालय लागलं की बाहेर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'विद्यार्थ्यांना खास सवलत'. आमची पोरं घरी शिकतात, रोज शिकतात, पुढं एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेच्या मंडळातनं, दहावीला बसतील. मग ती कोण? चार घरं मिळून गेलो होतो, आधी फोन करून. "या की ताई, ग्रुप रेट लावतो," असं मत्स्यालयवाले स्वतः म्हणाले होते. खिडकीवर पोचलो तर शाळेचं पत्र पाहिजे, त्यावर शिक्का पाहिजे, युनिफॉर्म का नाही, ओळखपत्र कुठाय! आधार कार्डं दाखवली, वय बघा म्हटलं. ऐकायलाच तयार नाही. वर गेटवरचा माणूस माझ्या पोराला म्हणतो, "शाळंतनं काढलंय काय रं तुला?" नऊ वर्षांचं पोरगं ते! निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत माशांच्या कल्ल्यांची चित्रं काढत बसलं होतं. त्याचा चेहरा एवढासा झाला.

पूर्ण पैसे भरले. आत गेल्यावर तर डोकंच फिरलं.

पाटीवर 'शार्क', टाकीत पंगास! आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातला गोड्या पाण्यातला मासा, कॅटफिशच्या कुळातला. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, ह्याचा हाडांचा. दुकानदार त्याला शार्क म्हणून विकतात, पण तिकीट लावून पोरांना दाखवताय तर नाव तरी खरं लिहा! आमच्यातल्या एका पोरीनं विचारलं, "काका, शार्कला मिशा कशा?" बरोबर प्रश्न होता. उत्तर काय मिळालं? "पुढं चला, गर्दी करू नका."

फ्लॉवरहॉर्नच्या टाकीवर काहीच लिहिलेलं नाही. हा मासा मूळचा कुठल्याच नदीतला नाही, माणसानं संकर करून बनवलाय, केवढी बोलण्यासारखी गोष्ट आहे ही! आणि आपल्या पंचगंगेतला मरळ, वाम? एकाही टाकीत नाही.

वर कानठळ्या बसवणारी गाणी. मोठी माणसं काचेवर थापा मारतायत, फ्लॅश मारतायत, कडेवरच्या लेकराचा हात धरून त्यालाही थापा मारायला शिकवतायत. अहो, माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, पाण्यातला बारीकसा हेलकावा त्याला तिच्यातनं कळतो. त्या थापेनं त्याचं काय होत असेल? मी एकाला सांगितलं तर म्हणाला, "तिकीट काढलंय आम्ही."

शिक्केवाल्या शाळेची पोरंही होती तिथं. एकमेकांच्या खांद्यावर हात, बाईंची शिट्टी, आणि सगळा बोगदा पळत पार. एक मुलगा ईलपाशी वाकून थांबला तर त्याला दंडाला धरून ओढला. सवलत ह्यांना मिळाली आणि बघायला ह्यांनाही नाही मिळालं!

समुद्रातले मासे नीट बघायचे म्हणून आता आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाणार, कोकण कृषी विद्यापीठाच्या मत्स्यालयात. जाऊ, काही बिघडत नाही. पण गाडीभाडं ज्यांना झेपत नाही त्यांच्या पोरांनी हाच तंबू बघायचा आणि पंगासलाच शार्क समजत मोठं व्हायचं का? पाटी बदलायला कितीसा खर्च येतो? आणि सवलत वयावर द्या की, शिक्का कशाला पाहिजे!