म्हणे, डॉल्फिन बोटींना सरावतात!

‘मुंबईत डॉल्फिन सफारी जोरात सुरू करा. प्राणी बोटींना सरावतात, पर्यटक वाढले की संवर्धन आपोआप होतं. वेळासची कासवं बघा!’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल.

आधी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचं कासव संवर्धनाचं काम 2002 मध्ये सुरू झालं, कासव महोत्सव नंतर आला. अंडी कुंपणात हलवतात, पिल्लं ठरल्या वेळी सोडतात आणि पाहुणे दोरीमागे उभे राहतात. डॉल्फिनभोवती दोरी कुठे बांधणार?

आता ‘सरावतात’. बोटीजवळ येणारे डॉल्फिन फोटोत दिसतात, निघून गेलेले दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये संशोधकांनी नेमके तेच मोजले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास सांगतो की एकाऐवजी दोन सफारी कंपन्या झाल्यावर त्या पट्ट्यातले डॉल्फिन घटले. शेजारच्या, सफारी नसलेल्या पट्ट्यात तशी घट नव्हती. सरकारने परवाने पुन्हा एकावर आणले. मागे राहिलेले निवांत दिसतात, कारण बिचकणारे आधीच निघून गेलेले असतात. तिथे निदान जायला जागा होती. आपला हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातलाच, आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त. मुंबईजवळच्या त्या पट्ट्यात मासेमारी, फेरीबोटी आणि जहाजं आधीच आहेत.

राहिलं ‘आपोआप’. सुरुवातीला येतात दुर्बीणवाले. लांबून पर दिसला तरी खूश. नाव झालं की येणाऱ्याला पैसे मोजल्यावर डॉल्फिन दिसलाच पाहिजे असतो, तोही सेल्फीच्या अंतरावर. नाही दिसला तर ऑनलाइन रेटिंगमध्ये बोटवाल्याच्या नावापुढे एकच तारा. मग तो आडवी बोट घालणारच, आणि मागून आणखी दोघे. मांडव्याच्या फेरीवर हिवाळ्यात सीगलचं काय चालतं ते बघा: वेफर्स आणि फरसाण भिरकावायला कुणी परवाना दिला नव्हता, गर्दीनेच ती रीत पाडली.

सफारी नकोच, असं माझं म्हणणं नाही. बोटी किती, अंतर किती, इंजिन कधी बंद करायचं आणि तपासणार कोण, हे पहिल्या फेरीआधी ठरवा. कोळीवाड्यातल्या पोरांनी कर्ज काढून बोटी घेतल्यावर ‘आता निम्म्या कमी करा’ म्हणाल, तर ते मोर्चा काढतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.